प्रेमातली मारहाण डॉक्टरांना इतक्या उशिरा का दिसली?

सोळा-सतरा वर्षांची मुलगी दंडावर बोटांचे वळ घेऊन येते. 'पडले' म्हणते. अशा वेळी 'कुणी मारलं का?' असं विचारावं, हे आता आम्हाला शिकवलं जातं. पूर्वी नव्हतं.

१९६२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम' हा लेख प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या एक्स-रेमध्ये जुनी-नवी फ्रॅक्चर त्याआधीही दिसत होती. पण ती आईवडिलांच्या मारामुळे असतील, हे मान्य करायला डॉक्टर धजत नव्हते. त्यानंतर पाळी आली बायकांची. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी आसरा-घर सुरू झालं आणि नवऱ्याची मारहाण 'घरातली भानगड' उरली नाही.

किशोरवयीन जोडपी मात्र मधल्या फटीत अडकली. मूल म्हणावं, तर मारणारा घरातला नाही. बायको म्हणावं, तर लग्न झालेलं नाही. यूजीन कॅनिन या समाजशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच डेटिंगमधल्या बळजबरीवर लिहिलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

१९८१ साली जेम्स मेकपीस यांनी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सरळ प्रश्न विचारले. साधारण पाचातल्या एकाने प्रेमसंबंधात मारहाण अनुभवली होती. पोलिसांपर्यंत किंवा इतर कुणा अधिकाऱ्यापर्यंत प्रकरण क्वचितच गेलं होतं. दोन वर्षांनी शाळकरी मुलांच्या पाहणीत त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली: मार खाल्लेल्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ 'प्रेम' असा लावला होता. 'माझ्यावर जीव आहे म्हणून तर चिडतो!' हे वाक्य आपल्याकडच्या कॉलेजातही ऐकू येतं, नाही का?

मेकपीस यांच्याच राज्यात, डुलुथ गावी, १९८४ मध्ये पीडित स्त्रियांच्या अनुभवांवरून एक चक्र काढण्यात आलं. मारहाण त्याच्या कडेला आहे. आत आहेत धमकावणं, अपमान, मैत्रिणींपासून तोडणं, 'तुझीच चूक' म्हणणं. मधोमध लिहिलंय 'सत्ता आणि नियंत्रण'. पुढे किशोरवयीनांसाठी त्याची वेगळी आवृत्ती निघाली. मला हा सर्वांत मोठा बदल वाटतो, कारण वळ उमटण्याआधीच धोका ओळखता येऊ लागला. आज त्यात मोबाइलची भर पडली आहे: पासवर्ड मागणं, दर तासाला लोकेशन, 'फोटो व्हायरल करीन' ही धमकी. मुलग्यांनाही हे सोसावं लागतं, आणि ते तर मुलींपेक्षाही कमी बोलतात.

भारतात २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्न किंवा लग्नासारख्या सहजीवनापर्यंत पोहोचतो. कॉलेजच्या गेटवर भेटणाऱ्या जोडप्यापर्यंत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देतो, आणि असा गुन्हा कळला तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मुलं गप्प राहतात त्याचं हेही एक कारण. पाठलाग करणं, नको असताना सतत मेसेज पाठवणं हे २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे.

म्हणून आता मी 'मारतो का?' एवढंच विचारत नाही. पालकांना बाहेर बसवून विचारतो, 'त्याला नाही म्हणायची भीती वाटते का? मैत्रिणींना शेवटचं कधी भेटलीस?' घरी बोलता येत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे.