मागे पाहणारा माणूस

लष्कराच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक जवान बसलेला असतो. त्याला आम्ही को-ड्रायव्हर म्हणतो. गाडी मागे घ्यायची वेळ आली की तो खाली उतरतो, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभा राहतो आणि हाताने खुणा करत 'आने दो, आने दो' म्हणत राहतो. तो 'बस!' म्हणाला की गाडी जागच्या जागी थांबते. अरुणाचलातल्या सेला खिंडीच्या रस्त्यावर असो की राजस्थानच्या वाळूत, पोस्टिंग बदलले तरी ही पद्धत बदलली नाही. आपल्याकडे एसटीचा कंडक्टर शिट्टी वाजवत हेच काम करतो, आणि मालट्रकचा क्लीनर गाडीवर थापा मारून.

नागरी जीवनातले मित्र कधी कधी विचारतात, दोन्ही बाजूंना एवढे मोठे आरसे असताना हा माणूस कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मोटारीच्या इतिहासात आहे, कारण शर्यतीच्या गाडीत आरसा आला तोच मुळी अशा एका माणसाला खाली उतरवून.

३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत दोघे बसत: चालक आणि मेकॅनिक. मेकॅनिक इंजिनावर लक्ष ठेवी आणि मागून कोण येत आहे ते चालकाला सांगे. रे हॅरून हा चालक मात्र 'मार्मन वास्प' नावाची पिवळी, एकाच आसनाची गाडी घेऊन उतरला. एक माणूस कमी म्हणजे वजन कमी, आणि गाडीचा आकारही निमुळता. इतरांनी हरकत घेतली की याला मागचे दिसणार कसे? त्यावर हॅरूनने समोर चार दांड्यांवर एक आरसा बसवला. ही कल्पना त्याला एका घोडागाडीवरच्या आरशावरून सुचली होती, असे त्याने पुढे सांगितले. शर्यत त्यानेच जिंकली, सरासरी वेग ताशी सुमारे ७५ मैल.

गंमत पुढेच आहे. ती धावपट्टी विटांची होती, आणि त्या विटांवर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसत नव्हते, हेही हॅरूननेच नंतर सांगून टाकले. म्हणजे माणसाची जागा आरशाने घेतली, पण माणसाचे काम त्या दिवशी कोणीच केले नाही.

हॅरूनच्या दोन वर्षे आधी, १९०९ मध्ये, डोरोथी लेव्हिट या इंग्लंडमधल्या मोटार चालवणाऱ्या बाईंनी 'द वुमन अँड द कार' या पुस्तकात स्त्रियांना सल्ला दिला होता की गाडीत एक हातातला आरसा ठेवा, अधूनमधून उंच धरा आणि मागची रहदारी पाहा. कारण साधे होते. बैलगाडीत किंवा टांग्यात मागून येणाऱ्याची चाहूल कानाला लागते. मोटारीच्या आवाजात कान निकामी होतात, मग सगळा भार डोळ्यांवर येतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत एल्मर बर्जर यांनी गाडीला लावायचा आरसा 'कॉप-स्पॉटर' नावाने विकायला काढला. मागून पोलीस येतोय का ते पाहण्यासाठी!

आमच्या पेशातही हीच गोष्ट घडली. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिस्टल फायटर विमानात वैमानिकाच्या मागे तोंड करून बसणारा तोफची होता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरमध्ये वैमानिक एकटा, आणि समोरच्या काचेवर एक छोटा आरसा. पण अनुभवी वैमानिक त्या आरशावर विसंबत नसत. ते सतत मान वळवून मागे पाहत. मान घासली जाऊ नये म्हणून गळ्यात रेशमी रुमाल बांधत. तो रुमाल नुसता थाटाचा नव्हता.

आरसा सगळे का दाखवत नाही? आतल्या आरशात फक्त मागच्या काचेतून जेवढे दिसते तेवढेच दिसते. बाजूचे आरसे आपण बहुधा असे लावतो की त्यात आपल्याच गाडीची बाजू भरपूर दिसावी. आपली गाडी कुठे पळून जात नाही! त्यामुळे शेजारच्या लेनमधली मोटारसायकल मात्र नेमकी सुटते. १९९५ मध्ये जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याची रीत आपल्या उजव्या हाताच्या गाडीला अशी लागू पडते: डोके उजव्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवा. मग डोके गाडीच्या मधोमध आणा आणि डावा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर बाजूच्या आरशांत स्वतःची गाडी दिसणार नाही. दोन दिवस चुकल्यासारखे वाटेल. पण ओव्हरटेक करणारी गाडी आतल्या आरशातून निघून बाहेरच्या आरशात येईल आणि तिथून थेट डोळ्याच्या कोपऱ्यात. मध्ये हरवणार नाही. आपल्याकडचे बाहेरचे आरसे बहुधा फुगीर असतात, त्यामुळे मागची गाडी दिसते त्यापेक्षा जवळ असते, हेही ध्यानात ठेवावे.

एवढे करूनही एक जागा उरते: गाडीच्या अगदी मागे, काचेच्या खालच्या कडेपेक्षा खाली. तिथे लहान मूल मावते. अमेरिकेत २००२ मध्ये एका वडिलांची गाडी घरासमोर मागे घेताना त्यांच्याच दोन वर्षांच्या मुलावर गेली. ते वडील पेशाने डॉक्टर होते. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. शंभर वर्षांपूर्वी उतरवलेल्या माणसाचे काम आपण यंत्रांना तुकड्या-तुकड्यांनी शिकवत आहोत.

निवृत्त मित्रांना मुद्दाम एक सांगतो. वीस-तीस वर्षे आपल्याला 'बस!' म्हणणारे कोणीतरी होते. आता घरची गाडी आपण एकटे चालवतो, आणि अंगणात नातवंडे खेळत असतात. गाडी सुरू करण्याआधी एकदा मागून फेरी मारा. घरात कोणी असेल तर त्याला बाहेर उभे करा. 'येऊ दे, येऊ दे' म्हणायला काही पैसे पडत नाहीत.