मदरबोर्ड उडाला म्हणजे नेमकं काय उडालं?

या शनिवार-रविवारचा विषय जरा धूळ खाल्लेला आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुढची आठ-दहा वर्षं आमच्या यवतमाळकडे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू यायचं. "मदरबोर्ड उडाला जी." एवढं म्हटलं की गिऱ्हाईक गप्प. उडाला म्हणजे नवा घ्या. नवा बोर्ड घेतला की जुनी रॅम त्यात बसत नाही, प्रोसेसरही बसत नाही, म्हणजे जवळजवळ नवा पीसीच.

आता त्यातले बरेच बोर्ड खरंच गेलेले असायचे. कपॅसिटर फुगलेला, नाहीतर व्होल्टेजचा झटका बसलेला. पण एक जात अशी होती की बोर्डाला काहीही झालेलं नसायचं. बायॉस अपडेट करताना मध्येच लाईन गेली, एवढंच कारण. (पुण्यात लाईट जाते, आमच्याकडे लाईन जाते.) हे बोर्ड मेलेले नव्हते हे माझं म्हणणं आहे, आणि ते का नव्हते हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

बायॉस हा शब्द गॅरी किल्डॉलचा, सत्तरच्या दशकात त्याने लिहिलेल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममधला. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याचा बायॉस ८ केबीचा होता आणि रॉममध्ये कायमचा कोरलेला होता. पुढे फिनिक्स, अवॉर्ड, एएमआय या कंपन्यांनी इतरांच्या मशीनसाठी बायॉस लिहायला सुरुवात केली. (एएमआय स्थापन करणारे सुब्रमण्यम शंकर हे मूळचे भारतीय. आपण कीबोर्डवर डिलीट दाबून ज्या निळ्या-करड्या पडद्यात शिरायचो, त्याच्या मुळाशी आपला एक माणूस होता.) त्या काळात बायॉस ईपीरॉम नावाच्या चिपमध्ये असायचा. चिपच्या पाठीवर काचेची खिडकी, त्यावर चिकटवलेला कागद. पुसायचं असेल तर कागद काढून अतिनील दिव्याखाली ठेवायची. म्हणजे घरबसल्या बायॉस बिघडवणं शक्यच नव्हतं. सुधारणंही शक्य नव्हतं.

तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. ही चिप बोर्डावर बसल्या बसल्या पुसता आणि लिहिता येते. नव्वदच्या दशकात मदरबोर्डवाल्यांनी ती उचलली आणि बायॉस अपडेट हा प्रकार फ्लॉपीवरून करण्याजोगा झाला. गोम अशी की लिहिण्याआधी चिप पुसावी लागते. पुसून झाली आणि लिहून व्हायची आहे, त्या मधल्या काही सेकंदांत वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट कचरा राहतो. पुढच्या वेळी बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा.

मग लोक ही जोखीम घ्यायचेच कशाला? इथे मुद्दा महत्त्वाचा आहे. नव्या पीसीला बायॉस अपडेट सहसा लागत नाही. लागतो तो जुन्याला. आमच्याकडे येणारे पीसी बहुतेक असेम्बल्ड, पुष्कळदा नागपूरहून आलेले सेकंडहँड. १९९९ उजाडलं तेव्हा काही जुन्या बायॉसना २००० हे साल कळत नव्हतं. त्याच्याही आधीपासून हार्ड डिस्कच्या मर्यादा होत्या. पहिली ५२८ एमबीची, मग ८.४ जीबीची, मग ३३.८ जीबीची. ही शेवटची सर्वांत त्रासदायक. अवॉर्डच्या बऱ्याच बायॉसमध्ये अशी चूक होती की त्याहून मोठी डिस्क जोडली तर मशीन डिस्क ओळखतानाच अडकून बसायचं. आता विचार करा. एखाद्या जिनिंगवाल्याकडे हिशेबाचा जुना पीसी आहे. त्याची ४ जीबीची डिस्क मरते. बाजारात तेव्हा ४० जीबीखाली डिस्कच मिळत नाही. एक तर डिस्कच्या मागचा जंपर लावून तिला ३२ जीबीची करून घ्यायची (अनेक डिस्कना ती सोय होती, पण फार थोड्यांना माहीत होती), नाहीतर बायॉस अपडेट करायचा.

आणि अपडेट करायचा कुठे? तर भारनियमनाच्या मुलखात. जिल्ह्याच्या वणी भागातून कोळसा निघतो, शेजारच्या चंद्रपूरला तेव्हाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं औष्णिक वीज केंद्र होतं, आणि रोज तासन् तास अंधार मात्र आमच्या गावांत. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, त्यानंतरही बरीच वर्षं हेच चाललं. वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण लाईनने पेपर वाचलेला नसायचा. दुकानातल्या यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात आधीच राम म्हणालेली. म्हणजे ज्याला अपडेटची गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडेच वीज सर्वांत बेभरवशाची.

यात भर घातली ती एका व्हायरसने. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ साली सीआयएच नावाचा व्हायरस लिहिला. तो जेमतेम १ केबीचा होता आणि विंडोज ९५ व ९८ च्या प्रोग्रॅम फाईलमधल्या रिकाम्या जागेत लपून बसायचा. सोमवार, २६ एप्रिल १९९९ रोजी तो जगभर जागा झाला. (आपल्याकडे त्याच दिवशी बारावी लोकसभा विसर्जित झाली.) चेर्नोबिलचा अपघातही २६ एप्रिलचाच, म्हणून तेच नाव या व्हायरसला चिकटलं. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि भारत यांना त्याचा मोठा फटका बसला, कारण पायरेटेड सीडी. तो दोन कामं करायचा. हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या १ एमबीवर शून्यं लिहायचा, आणि बायॉसच्या चिपवर कचरा लिहायचा प्रयत्न करायचा. दुसरं काम सगळ्या बोर्डांवर जमत नसे, पण इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटसारख्या त्या वेळच्या लोकप्रिय बोर्डांवर जमायचं. ज्या बोर्डावर चिपला लिहिण्यापासून रोखणारा जंपर होता आणि तो लावलेला होता, ते वाचले. "सॉफ्टवेअरने हार्डवेअर जळत नाही" असं तोवर सगळे सांगत. त्या दिवसानंतर लोक उलट टोकाला गेले आणि व्हायरसने बोर्ड जळाला असं म्हणू लागले. जळालं काहीच नव्हतं. चिपमधला मजकूर गेला होता.

आता मुख्य गोष्ट. फ्लॅश चिप बनवणाऱ्यांना हा धोका पहिल्यापासून माहीत होता. इंटेलची २८एफ००१बीएक्स ही १२८ केबीची चिप घ्या. तिच्यात एका टोकाला ८ केबीचा एक तुकडा वेगळा ठेवलेला आहे, त्याला बूट ब्लॉक म्हणतात. विशिष्ट पायावर १२ व्होल्ट दिल्याशिवाय तो पुसताच येत नाही. प्रोसेसर सुरू होताना जी पहिली सूचना वाचतो ती ४ जीबीच्या सीमेच्या फक्त १६ बाइट अलीकडून, म्हणजे नेमकी याच तुकड्यातून. बूट ब्लॉक उरलेल्या बायॉसची बेरीज तपासतो. जुळली तर पुढे जातो. नाही जुळली तर जमेल तेवढं करतो, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह जागा करतो आणि तिथे काही आहे का बघतो.

म्हणून दुकानात असा बोर्ड आला की पडद्याकडे बघण्यात अर्थ नसायचा. फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा आणि कान द्यायचा. बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांनी ड्राइव्हचा दिवा लागून घर्रर्र असा आवाज आला, की समजायचं बोर्ड जिवंत आहे आणि फ्लॉपी मागतोय. अवॉर्डचा बायॉस असेल तर डॉसची बूट फ्लॉपी करायची, तिच्यात फ्लॅश करणारा प्रोग्रॅम आणि त्याच बोर्डाची बायॉस फाईल ठेवायची, आणि ऑटोएक्झेक फाईलमध्ये एक ओळ लिहायची की काही न विचारता थेट लिही. पडदा का काळा? कारण ८ केबीत पीसीआय किंवा एजीपी कार्ड चालवण्याचा कोड मावत नव्हता. जुनं आयएसए कार्ड मात्र चालायचं. भंगारातलं ट्रायडेंटचं आयएसए कार्ड ज्याने जपून ठेवलं, त्याला आंधळेपणाने काम करावं लागलं नाही. एएमआयची पद्धत वेगळी. फाईलचं नाव अमीबूट डॉट रॉम ठेवायचं, कंट्रोल आणि होम दाबून धरायचं, आणि बीप ऐकू येईपर्यंत हात लावायचा नाही. इंटेलच्या स्वतःच्या बोर्डांवर यासाठी जंपरच होता, तो काढला की रिकव्हरी सुरू. आमच्याकडच्या धुळीत फ्लॉपी टिकत नसे, त्यामुळे दोन-तीन फ्लॉपी करून ठेवणं बरं.

आणि बूट ब्लॉकच गेला असेल तर? तेव्हा हॉट स्वॅप. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तर्क पक्का आहे. पीसी सुरू होताना बायॉस स्वतःची प्रत रॅममध्ये करून घेतो, कारण रॉम संथ असते. एकदा डॉस सुरू झालं की चिपकडे फारसं कोणी बघत नाही. मग तसाच दुसरा चालू बोर्ड घ्यायचा, डॉसमध्ये सुरू करायचा, चालू असतानाच त्याची चांगली चिप उपटायची, तिथे बिघडलेली बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. जाणकार आधीच चिप सैल करून तिच्याखालून दोरा घालून ठेवत, म्हणजे चालू बोर्डात स्क्रूड्रायव्हर खुपसावा लागत नसे. चिपची खाच उलटी बसली तर मात्र चिप कायमची गेली. चिप वेगळ्या बनावटीची असेल तर युनिफ्लॅशसारखा प्रोग्रॅम लागायचा. या सगळ्याला खर्च किती? जवळपास शून्य. लागायचा तो दुसरा बोर्ड, धीर, आणि हे असं करता येतं ही माहिती.

ती माहिती मात्र सहज मिळत नव्हती. बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेत रिकव्हरीचं एखादं पान असायचं, पण सेकंडहँड बोर्डाबरोबर पुस्तिका येत नाही. संस्थांतून वर्ड-एक्सेल शिकवलं जायचं, बूट ब्लॉक नाही. ज्यांना येत होतं ते सांगत नव्हते, कारण "उडाला" म्हणण्यात नव्या बोर्डाचं कमिशन होतं. हे सगळे दुकानदार लबाड होते असं नाही. बहुतेकांना खरोखरच माहीत नव्हतं. पण अपडेट फसल्यावर हार्ड डिस्कला धक्काही लागलेला नसतो, हे न कळल्यामुळे आपले हिशेब गेले असं समजून लोक बसले, त्याचा मला आजही राग येतो. सीआयएचच्या बाबतीतसुद्धा एफएटी३२ च्या मोठ्या डिस्कवर तक्त्याची दुसरी प्रत बहुधा वाचलेली असायची, आणि ती वापरून डेटा परत आणणारी साधनं काही दिवसांतच आली होती.

पुढे काही कंपन्यांनी बोर्डावर दोन चिपा दिल्या, एक बिघडली तर दुसरी. २००५ नंतर आठ पायांची छोटी एसपीआय चिप आली, बरेचदा थेट बोर्डाला डाग देऊन बसवलेली. दोऱ्याची युक्ती संपली. पण आता सीएच३४१ए नावाचा, अगदी स्वस्तात मिळणारा यूएसबी प्रोग्रॅमर आणि एक चिमटा असला की चिप न काढताही लिहिता येते. त्याला फ्लॅशरॉम हा मुक्त प्रोग्रॅम चालतो. लिनक्सबायॉस या १९९९ साली लॉस अलामोसला सुरू झालेल्या आणि २००८ पासून कोअरबूट म्हणवणाऱ्या प्रकल्पाच्या पोटी त्याचा जन्म झाला.

अडचण आता वेगळीच आहे. चिपवर लिहिता येतं, पण लिहायचं काय? इंटेलने २०१३ साली डेस्कटॉप बोर्डांच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या जुन्या बोर्डांचे बायॉस आणि ड्रायव्हर डाउनलोडवरून काढायला सुरुवात केली. तैवानच्या कित्येक छोट्या कंपन्या तर त्याआधीच बंद झाल्या होत्या. फाईली आता उरल्यात त्या कोणीतरी हौसेने साठवलेल्या संग्रहांत. तेव्हा तुमच्या माळ्यावर एखादा जुना चालू बोर्ड असेल तर आजच डॉस फ्लॉपीवरून त्याच्या बायॉसची प्रत काढा. तिच्याबरोबर बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजनचा आकडाही लिहून ठेवा. १.० आणि १.१ हे दिसायला सारखे असतात, पण त्यांचा बायॉस बरेचदा वेगळा असतो.