वरळीची बॅटरी लोणावळ्यात

इलेक्ट्रिक गाडी कालपरवा आली असं वाटतं ना? मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ लाच धावली, आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत टिकली. तिच्या डोक्यावर तार होती, पोटात बॅटरी नव्हती.

साठवण दुसरीकडे होती. टाटांनी पावसाचं पाणी लोणावळ्याच्या तलावांत अडवलं, १९१५ पासून ते घाटाखाली खोपोलीला सोडून वीज केली आणि मुंबईच्या गिरण्यांना दिली. मी तर हिलाच मुंबईची पहिली मोठी बॅटरी म्हणतो.

त्या गिरण्यांतले कितीतरी कामगार वरळीच्या बीडीडी चाळींत राहिले. १९२० च्या दशकातल्या या चाळी: तळमजला अधिक तीन, ८० बिऱ्हाडं, खोली १६० चौरस फूट. इथे ई-स्कूटर घेतली तर चार्जिंग कुठे करणार? तिसऱ्या मजल्यावरून वायर थोडीच सोडता येते! मग बॅटरी काढा, आठ-दहा किलोचं ओझं घेऊन जिने चढा.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. लिफ्ट आली, पार्किंग आलं. आता विचारा, पार्किंगमधल्या प्लगचं बिल कुणाच्या मीटरवर? डिलिव्हरी करणाऱ्या पोराची कमाई त्यावर ठरणार आहे.