परभणीच्या मैदानातील मृगयाभूमी

मृगयेचा अभ्यासक बहुधा प्रथम अरण्याकडे वळतो. परभणी जिल्ह्यात या मार्गाने फारसे हाती लागत नाही. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील हा काळ्या मातीचा प्रदेश. जिंतूरकडील डोंगराळ भाग सोडल्यास येथे वन असे थोडेच. काळवीट तर दाट झाडी टाळून उघड्या माळावर नजरेच्या बळावर जगणारा प्राणी. तेव्हा येथे मृगयाभूमीची निवड म्हणजे गायराने व पडीक राने यांचीच पारख होय.

कौटिल्याने राजाच्या विहारासाठी एकाच द्वाराचे, खंदकाने रक्षिलेले मृगवन सांगितले आहे; तेथे भूमी आधी ठरते, मृग मागून येतात. गायरानात क्रम उलटा. हद्द राखणारा नर ठराविक जागी लेंड्यांची रास करतो. ती रास, पाणवठ्याची वाट व वारा यांवरून जागा ठरे. (चिंकाऱ्यास पाणवठ्याची खूण लागू नाही, तो पाण्यावाचून बराच काळ राहतो.) या विद्येत पारधी निष्णात. शिकविलेल्या बैलाच्या आडून कळपास गाठण्याची त्यांची रीत प्रसिद्धच आहे.

परंतु १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात जमातींस गुन्हेगार ठरविण्यास आरंभ झाला. पारधीही त्या यादीत गेले व १९५२ पर्यंत राहिले. परिणामी त्यांच्या वाटा शिकारवर्णनांपेक्षा पोलिसी दप्तरांत अधिक शोधाव्या लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटाची शिकार निषिद्ध झाली. कळप मात्र आजही परभणीच्या पिकांत उतरतात.