वाद्यवृंदात कोण कुठून आलं?

टँगो म्हटलं की अर्जेंटिना आठवतं. पण टँगोच्या वाद्यवृंदाचा प्राण असलेलं 'बँडोनियन' हे भात्याचं वाद्य मूळचं जर्मनीचं. आपल्या पेटीचं नातेवाईकच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ या बंदरांतल्या गरीब वस्त्यांत इटली-स्पेनहून आलेले मजूर आणि आफ्रिकी गुलामांचे वंशज शेजारी राहत होते. त्या शेजारातून हे संगीत घडलं.

पुढे अस्तोर पियाझोला (1921-1992) यांनी त्याला नवं वळण दिलं. ते न्यूयॉर्कमध्ये वाढले, अनिबाल त्रोइलो यांच्या टँगो वाद्यवृंदात तयार झाले आणि 1954 मध्ये पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकले. 1978 मध्ये त्यांनी उभारलेल्या पाच जणांच्या संचात पियानोवादक पाब्लो झिगलर यांची तालीम अभिजात संगीताची आणि जॅझची होती. जुन्या वळणाचे रसिक म्हणायचे, 'हा टँगोच नाही.' आज जग त्यालाच टँगो म्हणून ऐकतं.

हा आक्षेप आपल्याला नवा नाही. 1952 मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हिंदी सिनेमाच्या गाण्यातली पाश्चात्त्य सरमिसळ त्यांना खटकत होती. दुसरीकडे, मुसलमान गवय्यांनी हे संगीत धर्मपरंपरेपासून तोडलं आणि घराण्यांत कोंडून ठेवलं, असंही त्यांचं मत होतं. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. आमच्या औरंगाबादेत निजामाच्या काळापासून रेडिओ केंद्र होतं. 1950 मध्ये ते आकाशवाणीकडे गेलं होतं. पण सिनेमाच्या गाण्यांसाठी देशभरच्या श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांना खटकणारी ही गाणी वाजवत तरी कोण होतं?

मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन आणि ट्रम्पेटच्या रांगेत बहुतेक गोव्याचे ख्रिश्चन असत. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजात हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या सिम्फनीचा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते त्यांच्याकडेच. आल्डोना गावचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हॉटेलांतल्या जॅझमधून आले आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'त (1951) त्यांची साथ रंगली. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. पुढे शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची रचना त्यांनी वर्षानुवर्षं केली.

तालाच्या बाजूला वेगळंच जग होतं. गुलाम मोहम्मद बिकानेरकडच्या तबलावादकांच्या घरातले. वडील नबी बख्श हेच त्यांचे पहिले गुरू. नौशाद यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी अनेक वर्षं काढली. 1968 मध्ये ते वारले आणि त्यांचं सर्वांत गाजलेलं काम, 'पाकीजा', 1972 मध्ये पडद्यावर आलं. गोव्यात जन्मलेल्या दत्ताराम वाडकरांचा ठेका तर त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पारशी कावस लॉर्ड बोंगो आणि कोंगा ही लॅटिन अमेरिकेची तालवाद्यं वाजवत; त्यांचे पुत्र केरसी लॉर्ड यांचा ॲकॉर्डियन 'आराधना'त (1969) ऐकू येतो. सारंगीवर उदयपूरचे राम नारायण होते. लाहोर आणि दिल्लीच्या रेडिओवर नोकरी करून ते मुंबईत आले होते.

ही माणसं एकत्र वाजवायची कशी? संगीतकार चाल गुणगुणे. अरेंजर ती स्वरलिपीत उतरवून व्हायोलिनवाल्यांसमोर कागद ठेवी. सारंगी आणि ढोलकवाल्यांना त्या कागदाची गरज नसे. ते सरगम आणि बोल पाठ करत. दोन वेगळ्या शिक्षणपद्धती एका माइकसमोर तीन-चार मिनिटं जुळवून घेत. प्रत्येकाचा हात आपापल्या परंपरेत पक्का बसलेला होता, म्हणूनच हे जमलं. ज्याची तालीम कच्ची, त्याला दुसऱ्याशी जुळवून घेता येत नाही.

पेटीचंच पाहा. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं. पुढे कोलकात्यात त्याला हाताचा भाता बसला. मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंबे यांनी ते गाजवलं. खुलताबादच्या उरुसात कव्वालांसमोरही तीच पेटी असते. तरीही 1940 पासून तब्बल तीन दशकं आकाशवाणीवर तिला बंदी होती. परकी म्हणून आणि आपल्या श्रुतींना न पेलणारी म्हणून.

या कलाकारांवर अन्याय मात्र फक्त सरकारनं केला नाही. रेकॉर्डवर संगीतकार आणि गायकांची नावं छापली गेली, वादकांची क्वचितच. अरेंजरचं काम तर श्रोत्यांना ठाऊकही नव्हतं. अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोहोचलं ते 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या विनोदी गाण्यामुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी नायकाच्या तोंडी गुरूचं नाव घातलं होतं. तोवर गुरुजी केव्हाच स्टुडिओपासून दूर गेले होते. ऐंशीच्या दशकानंतर सिंथेसायझर आला आणि मोठे वाद्यवृंद ओस पडत गेले. पियाझोलांच्या संचातले पाचही जण टँगोच्या इतिहासात नावानिशी नोंदले गेले. आपल्याकडच्या शेकडो वादकांची साधी यादीही कुणी वेळेवर केली नाही.

हे विसरणं महागात पडतं. नावं पुसली गेली की कुणीही उठून या संगीतावर एकट्याची मालकी सांगू शकतो. आजही कुणी शुद्ध संगीताची चाळणी हातात घेतली, तर त्यानं आवडतं एखादं जुनं गाणं लावावं आणि त्यातून एकेका वादकाला उठवून पाहावं. चर्चच्या शाळेतला व्हायोलिनवाला उठला, उस्तादाच्या घरचा ढोलकवाला उठला, पारशी ॲकॉर्डियनवालाही उठला, तर मागे ऐकण्यासारखं काय उरतं?