भाराचे वजन आणि भाराची जागा : ट्रेडमिलवरील संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
अंगात वजनदार जाकीट घालून किंवा घोट्यांना वजनाचे पट्टे बांधून ट्रेडमिलवर चालण्याचा व्यायाम आज सर्वपरिचित आहे. अशा भारामुळे हृदयगती व प्राणवायूचा वापर वाढतो. मात्र ही वाढ केवळ भाराच्या वजनावर नव्हे, तर तो शरीरावर कोठे आहे यावरही अवलंबून असते. हे ज्ञान कैदी, सैनिक आणि ओझेवाहू यांच्या श्रमांच्या अभ्यासातून घडत गेले, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिक्षेच्या यंत्रापासून मापनाच्या यंत्रापर्यंत
इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्याने इ.स. १८१८ मध्ये कैद्यांच्या सक्तमजुरीसाठी पायऱ्यांचे फिरते चाक तयार केले. इ.स. १८५० च्या दशकात एडवर्ड स्मिथ या वैद्यकाने तुरुंगातील अशाच चाकावर श्रमकाळातील श्वसनाचे मापन केले. शिक्षेचे साधन अशा रीतीने अभ्यासाचे साधन बनले. पुढे इ.स. १८८९ मध्ये नाथान झुंट्झ यांनी बर्लिन येथे शरीरक्रियाशास्त्रीय प्रयोगांसाठी ट्रेडमिल उभारली. त्यांचा व शुम्बुर्ग यांचा, भार घेऊन कूच करणाऱ्या सैनिकांविषयीचा ग्रंथ इ.स. १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला.

भाराच्या जागेचा प्रश्न
इ.स. १९६९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या नॅटिक येथील संस्थेतील सूल व गोल्डमन यांनी डोके, हात व पाय यांवरील भारांची तुलना केली. शरीराच्या स्वतःच्या वजनाशी तुलना करता, डोक्यावरील प्रत्येक किलोस सुमारे १.२ पट, तर पायांवरील प्रत्येक किलोस वेगानुसार ४.२ ते ६.३ पट ऊर्जा लागते, असे त्यांना आढळले. याचे कारण उघड आहे. धड जवळपास एकसमान गतीने पुढे सरकते. पायाला मात्र प्रत्येक पावलागणिक वेग द्यावा व पुन्हा थांबवावे लागते. इ.स. १९७१ मध्ये दत्ता व रामनाथन या भारतीय संशोधकांनी ओझे वाहण्याच्या सात पद्धती तपासल्या. छाती व पाठ यांवर विभागलेला भार सर्वांत कमी खर्चाचा, तर हातांतील भार सर्वाधिक खर्चाचा ठरला.

समारोप
इ.स. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. महाराष्ट्राचा माथाडी कामगार कायदा इ.स. १९६९ चा. ‘माथाडी’ या शब्दातच भाराची जागा सांगितलेली आहे. मर्यादेचा विचार मात्र किलोंतच होत राहिला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डोक्यावरील भारास प्राणवायू कमी लागतो, म्हणून तो निर्धोक ठरत नाही. मानेच्या मणक्यांवरील दाब प्राणवायूच्या मापनात दिसत नाही. म्हणूनच व्यायामार्थी असो वा हमाल, भार ‘किती’ या प्रश्नाबरोबरच तो ‘कोठे’ आणि ‘कोणत्या अवयवाच्या जिवावर’ हे प्रश्नही विचारणे अगत्याचे आहे.