झोपेच्या गोळ्या आणि जुनी चिठ्ठी

महिनाभरापूर्वीची चिठ्ठी पुढे करून झोपेच्या गोळ्या मागितल्या आणि औषधविक्रेत्याने नकार दिला, की दुकानात हमखास वाद होतो. 'मागच्या वेळी दिल्या, मग आता का नाही?' हा ग्राहकाचा प्रश्न स्वाभाविक असला, तरी नियम विक्रेत्याच्या बाजूने आहे. चूक असलीच तर आजवर निमूटपणे गोळ्या देत आलेल्यांची.

औषधे नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार 'शेड्यूल एच' व 'शेड्यूल एक्स'मधील औषधांची चिठ्ठी एकदाच वापरता येते. पुन्हा औषध द्यावयाचे असल्यास डॉक्टरांनी चिठ्ठीवरच तसे लिहावे लागते. किती वेळा वा किती अंतराने, हे नमूद असेल तर विक्रेत्याला त्याबाहेर जाता येत नाही. औषध देताना डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख नोंदवणेही बंधनकारक आहे. हा शिक्का अनेकदा उमटतच नाही आणि मग एकच चिठ्ठी चार दुकानांतून फिरते. लिहून दिलेल्या औषधाऐवजी परस्पर दुसरे देण्यासही मनाई आहे.

१ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झाले. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, तसेच क्षयरोगावरील औषधे व काही प्रतिजैविके त्यात येतात. वेष्टनावरील लाल चौकट ही त्यांची खूण. डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण यांची नोंद विक्रेत्याने स्वतंत्र वहीत करावयाची आणि ती तीन वर्षे जपावयाची असते. 'शेड्यूल एक्स'चे नियम याहून कडक आहेत. केटामिन, मिथाइलफेनिडेट यांसारख्या औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतील एक प्रत दोन वर्षे दुकानात राहते. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार ही औषधे फोनवरील सल्ल्याने लिहून देता येत नाहीत.

नियमांचा हा काच खरा जाणवतो तो नियमित गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला. कित्येक आठवडे घेतलेले डायझेपाम वा अल्प्राझोलाम एकाएकी थांबले, तर अस्वस्थता व थरथर सुरू होते, प्रसंगी आकडीही येते. पान संपल्यावर शेजाऱ्याकडून गोळ्या उसन्या आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच डॉक्टरांकडे जावे आणि औषध पुन्हा घ्यावयाचे असल्यास किती वेळा व किती अंतराने, हे चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत लिहून घ्यावे. डॉक्टरांची सही व तारीख नसलेली चिठ्ठी मात्र पहिल्या वेळीही चालत नाही.